चौदा कॅरटचं विमान

ते साल सत्त्याण्णवचं. सुरतेत प्लेग येऊन गेल्याला अडीच वर्षं होत आली होती, पळालेली माणसं केव्हाच परतली होती, आणि डिंडोलीच्या बाजूला शेतांमधून नव्या खोल्या अशा उठत होत्या, की सहा महिन्यांनी आलेल्या पाहुण्याला सख्ख्या भावाचं घर सापडत नसे. त्या वस्तीच्या कडेला महानगरपालिकेची एक मराठी शाळा होती, सातवीपर्यंतची. तिथं मालतीबाई विज्ञान शिकवत. मूळच्या धुळ्याच्या, वय पंचेचाळीस, लग्न केलेलं नाही, आणि का नाही हे कुणी विचारलेलं त्यांना चालत नसे.

आधीच्या दिवाळीच्या सुट्टीत त्या बडोद्याला शिक्षकांच्या शिबिराला गेल्या होत्या. तिथं एका म्हाताऱ्या पारशी गृहस्थानं त्यांना रबरावर उडणारं विमान करायला शिकवलं. हे विमान मैदानात न्यायचंच नाही, कारण वाऱ्याची झुळूक आली तरी ते मोडतं. बंद दालनात, पंखे थांबवून उडवायचं. हातभर लांबीचे पंख, अंग म्हणून एक काडी, पुढं दोन पात्यांचा पंखा आणि काडीखाली रबराची बारीक पट्टी. पट्टीला पीळ द्यायचा. पीळ सुटत जातो तसा पंखा फिरतो आणि विमान चालत्या माणसाच्या वेगानं, आवाज न करता, गोल गोल वर चढतं. शिबिरातल्या बाकीच्या शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या आणि ते जेवायला गेले. मालतीबाई तिथंच बसल्या. परतताना त्या म्हाताऱ्याकडून त्यांनी बाल्सा लाकडाच्या आठ पट्ट्या आणि रबराचं एक वेटोळं मागून आणलं.

सातवीच्या वर्गात एकोणचाळीस मुलं होती. शाळा सुटल्यावर विमानासाठी थांबायला पहिल्या दिवशी एकवीस जणं थांबली, आठवड्यानं सहा, आणि संक्रांत जवळ आली तशी पतंगांनी आणखी चार नेली. उरले दोघं. एक कुंदन, बडबड्या, अर्धं बोलणं गुजरातीत. दुसरी योगिता. ती बोलत नसे, पण तिच्या बोटांना गाठ मारताना पाहिलं की मालतीबाई शिकवायचं विसरत. तिचा बाप भिकन पॉवरलूमवर कामाला होता. तुटलेला धागा चालत्या यंत्रावर जोडायची गाठ तिला घरातच आली होती. पंखांना ताण द्यायला लूमवरचा एकेरी नायलॉनचा तंतू तिनं आणला; तो उजेडात धरला तरच दिसे. पंखांवर चिकटवायला पातळ कागद कुठून आणायचा, हा प्रश्न लोटूनं सोडवला. लोटू योगिताच्या शेजारच्या खोलीत राहायचा आणि वराछाला हिरे घासायचा. हिऱ्याच्या पुडीत आतून एक अगदी झिरझिरीत कागद असतो. तसे टाकलेले कागद त्यानं ओंजळभर आणून दिले.

विमान तयार झालं ते वजन करायलाही लोटूनंच नेलं. साध्या तराजूत त्याचं वजन उमटेना. हिऱ्याच्या काट्यावर ते चौदा कॅरट भरलं, म्हणजे तीन ग्रॅमही नाही.

"चौदा कॅरट!" लोटू वस्तीभर सांगत सुटला. "भिकनभाऊ, तुमच्या पोरीनं जो दागिना केलाय ना, तसा सेठच्या बायकोकडंही नाही."

"दागिना गळ्यात घालता येतो," भिकन म्हणाला. "हे कशात घालायचं?"

भिकन हा माणूस मोजकं बोलायचा. अमळनेरकडचा. कारखान्यात त्याचं काम तेल देण्याचं. बावन्न लूम, प्रत्येकाच्या किती ठिकाणी तेलाचा थेंब जायला हवा हे त्याच्या हाताला पाठ होतं. अकरा वर्षांत त्याच्या पाळीत एकही बेअरिंग जळलं नव्हतं. घरी आला तरी हात थांबत नसे. दाराची बिजागरी, शिलाई मशीन, शेजाऱ्याची सायकल, पाळण्याची कडी. कुठं कोरडं दिसलं की गेला थेंब. त्याच्या बायकोला, सरलाबाईला, पोळ्यांनाही कधीकधी त्या तेलाचा वास यायचा.

फेब्रुवारीत मालतीबाईंच्या कानावर आलं, की सातवी झाली की योगिताला गावी आत्याकडं ठेवणार आहेत. आठवीची मराठी शाळा लांब होती, रेल्वे रुळांच्या पलीकडं, बसनं जावं लागे. आत्याला घरात हाताखाली मुलगी हवी होती. दोन वर्षांनी पुढचं पाहू, असं ठरलं होतं, आणि पुढचं म्हणजे लग्न, हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं.

एका रविवारी मालतीबाई भिकनच्या खोलीवर गेल्या. विमान खुंटीला दोऱ्यानं टांगलेलं होतं आणि माणसं श्वास घेत होती तेवढ्यानंही हलत होतं. सरलाबाईनं चहा टाकला. मालतीबाईंनी मुलीची हुशारी सांगितली, बसचा पास सांगितला, सोबत जाणाऱ्या तीन मुलींची नावं सांगितली. भिकननं सगळं ऐकलं. मग म्हणाला, "बाई, तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण माझं बहिणीला सांगून झालंय."

"सांगितलेलं फिरवता येतं."

"फिरवलं तर मी कोण?"

दारात माणसं जमली होती. वस्तीत कुणाच्या घरी बाई आल्या की तेवढं व्हायचंच. मालतीबाई उठल्या, आणि उठता उठता त्यांचं लक्ष विमानाकडं गेलं. लोटूनं ते टिपलं आणि बोलण्याला वेगळं वळण द्यावं म्हणून म्हणाला, "भाऊ, हे उडतं का खरंच?"

"शाळेत अडतीस सेकंद राहिलं," मालतीबाई म्हणाल्या. "वर छत लागतं, म्हणून खाली येतं. उंच जागा मिळाली तर एक मिनिट राहील."

भिकन हसला. हसताना तो मुलासारखा दिसायचा. "बाई, एक मिनिट तर आमच्याकडं धाग्याचा रुवासुद्धा हवेत राहत नाही. अन् यात लाकूड आहे."

"राहील."

"नाही राहणार."

"राहिलं तर पोरीला आठवीला घालाल?"

हे मालतीबाई बोलून गेल्या. पुढं कितीतरी दिवस त्यांना त्या वाक्याची लाज वाटत राहिली. एका मुलीची शाळा रबराच्या पिळावर लावायची म्हणजे काय! पण दारातल्या दहा-बारा माणसांनी ते ऐकलं होतं. भिकननं बायकोकडं पाहिलं, मग पोरीकडं. योगिता चुलीशी पाठ करून कपबश्या विसळत होती. तिचे हात थांबले होते.

"घालीन," भिकन म्हणाला. "अन् नाही राहिलं तर?"

"तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही."

"शर्त लागली," लोटू म्हणाला, आणि मग स्वतःच घाबरल्यासारखा घरी गेला.

जागा कारखान्यातलीच ठरली. नवी शेड, वीस फुटांवर पत्रे, आणि आठवड्यातून एक दिवस वीज बंद असायची तेव्हा सगळे लूम थांबलेले. रघुनाथ नावाचा जॉबर तिथं होता, म्हणजे लूम दुरुस्त करणारा आणि कामगारांवरचा मुकादम. सेठकडून परवानगी त्यानं काढली. सेठ म्हणाला म्हणे, "उडवो ने भाई, पण मालावर पडायला नको." रघुनाथनं बजावलं, सकाळी सातच्या आत या. पत्रे तापले की भिंतीलगतची हवा वर जाते, मधली खाली येते. हे त्याला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. वीस वर्षं रुवा कुठून कुठं तरंगत जातो ते त्यानं पाहिलं होतं.

पंधरा दिवस मालतीबाई रबराची निगा राखत होत्या. त्या पारशी गृहस्थानं बजावलं होतं, रबराला फक्त एरंडेल, तेही बोटभर, आणि पुसून घ्यायचं. पट्टी त्या पावडरच्या रिकाम्या डब्यात, अंधारात ठेवत. आदल्या संध्याकाळी त्यांनी विमान साडीच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात घातलं, डबा शेजारी ठेवला आणि खोकं योगिताच्या हाती दिलं, कारण तिच्या घरापासून कारखाना पाच मिनिटांवर होता.

"एरंडेल लावू का सकाळी?" योगितानं विचारलं.

"नको. मी पुसून ठेवलंय. हातही लावू नकोस."

सकाळी साडेसहाला शेडमध्ये वीस-बावीस माणसं होती. सुट्टीच्या दिवशीही अंघोळी करून आलेली. लूम थांबले की त्या जागेत कान दडे बसल्यासारखे होत, आणि माणसं उगीचच मोठ्यानं बोलत. सरलाबाई पदर डोक्यावर घेऊन दाराशी उभी होती. कारखान्यात ती पहिल्यांदाच आली होती. भिकन एका लूमला टेकून उभा होता. रोज ज्याच्या अंगाला हात लावतो त्याच्याशी माणूस जसा सलगीनं टेकतो, तसा.

घड्याळ रघुनाथकडं दिलं. योगितानं विमानाचं नाक दोन बोटांत धरलं. कुंदननं रबराचं मागचं टोक सुताराच्या हातड्रिलच्या आकड्यात अडकवलं, पट्टी ताणत मागं गेला आणि पीळ घालू लागला. सहाशे पीळ घालायचे होते. मालतीबाई मोजत होत्या.

दोनशेला योगिता हळूच म्हणाली, "बाई, रबर जाड लागतंय."

मालतीबाईंनी वाकून पाहिलं. पट्टी खरंच जराशी फुगल्यासारखी दिसत होती, भिजलेल्या शेवईसारखी. उजेड कमी होता. थंडीनं, दवानं होत असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. खरं तर तिथं थांबायला हवं होतं. पण बावीस माणसं बघत होती, आणि थांबवलं असतं तर बाई भ्याल्या असं झालं असतं.

"चालू दे, कुंदन."

तीनशे. साडेतीनशे. चारशे अकराला फट् असा आवाज झाला. मागच्या टोकाशी रबर तुटलं आणि पिळासकट पुढं येऊन विमानावर आदळलं. काडीचे दोन तुकडे झाले. डावा पंख फाटून खाली लोंबला. योगिताच्या बोटांत फक्त नाक आणि पंखा राहिला, आणि तो पंखा सावकाश दोन फेरे फिरून थांबला.

रघुनाथच्या हातातलं घड्याळ सुरूच झालं नव्हतं.

कुंदननं रबराचा तुकडा उचलला, बोटं नाकाशी नेली. "बाई," तो म्हणाला, "आ तो मशीननुं तेल छे."

वीस माणसं तेलाचा वास ओळखणारी होती. तुकडा हातोहात फिरला. आणि मग, कुणी न सांगता, सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या.

सरलाबाई पुढं आली. पदर डोक्यावरून खाली आला होता. "तुमी कयं हाई?" हे तुम्हीच केलं का, असं तिनं अहिराणीत नवऱ्याला विचारलं. "शर्त जिकाले? पोरना घात कया?"

भिकनचं तोंड उघडं होतं. "मी..." तो म्हणाला. "कोरडं दिसलं माले."

"कोरडं दिसलं!" मागून कुणीतरी म्हणालं. "वा रे बहाणा!"

"भो, बहाणा नही. मनी पोरनं इमान शे ते!" भिकन एकदम ओरडला. त्याला ओरडताना कुणी ऐकलं नव्हतं. मग मालतीबाईंकडं वळून तो शाळेतली मराठी बोलू लागला, तुकड्या-तुकड्यानं. "बाई, डबा उघडला. पट्टी हातात घेतली तर कोरडी. म्हटलं, बाईंना काय माहीत यंत्राचं, कोरडं चालवलं की तुटतं. म्हणून रात्री भिजत घातली. चांगल्या तेलात. सकाळी पुसून ठेवली, पोरीला कळू नये म्हणून."

"कळू नये म्हणून कशाला?" रघुनाथनं विचारलं.

भिकन म्हणाला, "शर्त माझी होती. मीच मदत करतोय हे बरं नाही दिसत."

खिशातून त्यानं एक बाटली काढली, होमिओपॅथीच्या गोळ्यांची असते तेवढी. तळाशी पाण्यासारखं पांढरं तेल होतं. रघुनाथनं ती उजेडाकडं धरली आणि त्याच्या कपाळावरची आठी गेली. ते तेल सेठच्या कपाटात कुलपात असायचं. पांढऱ्या मालावर थेंब पडला तरी डाग राहत नाही असं, महाग, आणि लूमपैकी फक्त चारांना मिळायचं. ते बाहेर नेलेलं सापडलं तर माणसाला घरी बसवलं असतं. शर्त जिंकायची तर भिकनला काळं तेलही चाललं असतं, नाहीतर एक ब्लेड.

मालतीबाईंनी बाटलीचा वास घेतला. "यंत्राचं तेल रबराला खातं, भिकनभाऊ," त्या म्हणाल्या. "कितीही चांगलं असलं तरी."

"मला काय ठाऊक!" भिकन म्हणाला. "लोखंडाला खात नाही."

लोटूला हसू आलं आणि त्यानं खोकल्यात लपवलं.

मालतीबाई विमानाचे तुकडे खोक्यात भरू लागल्या. शर्त होती की विमान एक मिनिट राहावं. ते राहिलं नव्हतं. विषय पुन्हा काढायचा नाही असं त्या बोलल्या होत्या, आणि या माणसांसमोर बोललेलं फिरवलं तर उद्या वर्गात त्यांचं कोण ऐकणार? योगिता तुकडे त्यांच्या हातात देत होती. रडत नव्हती. त्याचंच मालतीबाईंना जड गेलं.

तेव्हा रघुनाथ म्हणाला, "थांबा बाई. हे असं नाही सुटत."

तो लूमच्या चौकटीवर बसला, रोजचा कामाचा निवाडा करायला बसायचा तसा. "ताणा तुटला, माल खराब झाला, तर डॅमेज कुणाच्या नावावर पडतं?"

"कारागिराच्या," दोघं-तिघं म्हणाले.

"अन् कारागिराची चूक नसली? तेल जास्त झालं, थेंब मालावर पडला, तर?"

"तेलवाल्याच्या."

"विमान पोरीनं केलं. पीळ या पोरानं घातला. तेल कुणी दिलं?" रघुनाथनं भिकनकडं बोट केलं. "चूक तेलवाल्याची. डॅमेज तेलवाल्यानं भरायचं. मुद्दाम केलं का प्रेमानं केलं, ते आपण इथं कधीच बघत नाही. बघतो का?"

"नाही बघत," लोटू म्हणाला. त्याचा या कारखान्याशी काही संबंध नव्हता.

"मग बोल भिकन, मान्य?"

भिकननं ती तुटकी पट्टी हातात घेतली. "मान्य," तो म्हणाला. "काय भरू?"

"आठवी."

शेडमध्ये पहिल्यांदा माणसं मोकळी हसली. भिकन मात्र हसला नाही. डॅमेज लागलं की घासाघीस करायची, हा त्या जागेचा रिवाज होता, आणि रिवाज म्हणजे रिवाज. "आठवी कबूल," तो म्हणाला. "एक वर्ष. बहिणीला सांगतो, कारखान्यानं लावलं."

"एक वरीस?" सरलाबाई म्हणाली. पदर तिनं पुन्हा डोक्यावर घेतला होता, पण आवाज खाली आला नव्हता. "एक धागा तुटना का? आख्खं इमान गयं. दहावी."

"दहावी कशी? नुकसान चौदा कॅरटचं!"

"लोटूभाऊ, चौदा कॅरटना भाव काय शे तुमना बाजारमा?"

"वहिनी, हिरा असला तर सगळी वस्ती विकत येईल," लोटू म्हणाला.

"ऐका," सरलाबाई म्हणाली.

नववीवर सौदा ठरला. रघुनाथनं "नववी" असं मोठ्यानं दोनदा म्हटलं आणि सगळे चहाला बाहेर पडले. योगिता अजून तिथंच उभी होती. मालतीबाईंना वाटलं, ती काही बोलेल. ती म्हणाली, "बाई, पुढच्या वेळी डबा तुमच्याकडंच ठेवा." आणि खोकं उचलून चालू लागली.

मालतीबाईंना त्या दिवशी आनंद झाला असं म्हणता येणार नाही. त्या हरल्या होत्या; त्यांचं विमान उडालंच नव्हतं, आणि मुलगी शाळेत राहिली ती त्यांच्या विज्ञानामुळं नाही. महिनाभरानं उरलेल्या चार पट्ट्यांतून दुसरं विमान झालं. ते लग्नाच्या एका रिकाम्या वाडीत, तिथल्या उंच हॉलमध्ये, दुपारी, तिघांनीच उडवलं. एक मिनिट नऊ सेकंद राहिलं. पैज कसलीच नव्हती, त्यामुळं ते वस्तीत कुणाला सांगायचंही राहून गेलं.

पुढं काय झालं म्हणाल तर असं. योगिता नववी झाली, आणि नववीनंतर कुणी शाळा सोडत नाही, पुढचं बोर्डाचं वर्ष असतं, म्हणून दहावीलाही बसली. गणितात राहिली, ऑक्टोबरमध्ये सुटली. आत्यानं तोवर घरात हाताखाली दुसरीकडची मुलगी पाहिली होती. एकविसाव्या वर्षी योगिताचं लग्न नवापूरला झालं. तिथं ती अंगणवाडी चालवते. दोन मुलगे आहेत.

कुंदन अकरावीत गुजराती शाळेत गेला. इच्छापोरला एका कारखान्यात ठेकेदाराकडं क्रेन चालवतो. मराठी समजते, पण पोरांशी गुजरातीच बोलतो.

लोटूचं काम दोन हजार आठच्या मंदीत गेलं. त्यानं डिंडोलीच्या नाक्यावर भजी-पावाची लारी, म्हणजे हातगाडी, टाकली आणि हिऱ्यांपेक्षा त्यातच त्याचं बरं चाललं. रघुनाथ एके वर्षी भिवंडीला गेला तो गेलाच; पत्ता कुणाकडं नाही.

त्या कारखान्यात पुढं नवे लूम आले, ज्यांना हातानं तेल द्यावं लागत नाही. भिकन काही वर्षं रखवालदार म्हणून राहिला, मग गावी गेला. आवाजानं दोन्ही कान गेले होते. दोन हजार बारात, पोळ्याच्या आदल्या दिवशी, झोपेत गेला. सरलाबाई डिंडोलीतच आहे, धाकट्या मुलाकडं, आणि सुना तिला भितात.

मालतीबाई दोन हजार नऊमध्ये निवृत्त झाल्या. नंतर त्या शाळेतली मुलं कमी होत गेली आणि दोन वर्ग जवळच्या गुजराती शाळेत सामावून घेतले. धुळ्याला परत जायचं त्यांनी ठरवलं होतं; ते झालं नाही. त्या उधन्याला बहिणीच्या मुलाकडं राहतात. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, वाचता येतं. गेल्या वर्षी नवापूरहून योगिताचा फोन आला होता, मोठ्याच्या बारावीचे पेढे सांगायला. पाच-सहा मिनिटं बोलणं झालं. विमानाचा विषय दोघींपैकी कुणीच काढला नाही.